पत्र्याचं आकाश

पत्रे उतरवायला माणसं सकाळीच आली होती. मी हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं आले, फाट्यावर उतरून गाडीवाटेनं गावाकडं निघाले, तेव्हा लांबूनच पत्र्यांचा आवाज कानावर येत होता. वरून सोडलेला पत्रा आधी थरथरत वाजायचा आणि मग जमिनीवर पडून गप्प व्हायचा. आवारात शिरले तोवर खोलीचं निम्मं छप्पर निघालं होतं. ज्या जमिनीवर लहानपणी मी पाठ टेकून दुपारच्या दुपारी पडून राहिले होते, तिच्यावर आता सरळ, उघडं ऊन पडलं होतं. धूळ, उंदरांची बिळं, एक मोडकी बाज, तुराट्यांचा ढीग. त्या उन्हात सगळंच फार लहान दिसत होतं.

काकू ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. खोलीकडं तिची पाठ होती.

"आलीस?" ती म्हणाली. "चहा टाकते. ह्या लोकांलाबी द्यायचाय."

माणिककाका जाऊन वर्ष व्हायचं होतं. आवारात काकू एकटीच उरली होती, तिला माझ्याकडं हिंगोलीला घेऊन जायचं ठरलं होतं, म्हणून मी आले होते. तिनं बोचकं बांधून दारात ठेवलं होतं. पत्रे विकून झाले की निघायचं, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. वर अजून शाबूत असलेल्या पत्र्यांवर डांबराच्या गाठी दिसत होत्या, काळ्या, वाळून तडकलेल्या, गोचिडांसारख्या चिकटलेल्या. त्या गाठींकडं बघून मला काहीतरी वाटेल असं येताना जीपमध्ये वाटलं होतं. काही वाटलं नाही. नाकात धूळ गेली, तेवढी शिंक आली.

ती खोली आजोबांनी कापूस साठवायला बांधली होती. मातीच्या जाड भिंती, उंच दोन उताराचं छप्पर, एकच दार, खिडकी नाही. पुढं कापूस घरात साठवायचे दिवस संपले, थेट जिनिंगला जायला लागला आणि खोली रिकामी झाली. पण कापसाचा वास भिंतींनी सोडला नाही. कोमट, तेलकट, सरकीचा वास. आजही कुठं सरकीची पेंड भिजवलेली असली की मी क्षणभर पाठीवर झोपलेली असते.

माणिककाका माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. आमची दोन घरं एकाच आवारात, मध्ये कडुलिंबाचं झाड. तो गावातल्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवायचा. पुस्तकात तारे आणि ग्रहांचा धडा होता आणि शाळा दिवसाची होती. या अडचणीवर त्यानं काढलेला उपाय गावात कुणाला आधी कळलाच नाही. दसऱ्याच्या सुट्टीत तो हातोडी आणि खिळे घेऊन छपरावर चढला आणि चांगल्या पत्र्याला भोकं पाडू लागला. माझे वडील खालून बघत राहिले. "माणिक, काय करून राहिलास बाबा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो वरून म्हणाला, "दादा, तारे."

बारीक ताऱ्याला चांभाराकडची बारीक चूक, ठळक ताऱ्याला जाड खिळा. व्याधासाठी त्यानं सगळ्यात जाड खिळा ठेवला होता. दार लावून घेतलं की खोलीत मिट्ट अंधार, आणि वर मृग, त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांचं तिकांडं, रोहिणी, कृत्तिकांचा झुबका, उत्तरेच्या अंगाला सप्तर्षींची बाज. भर दुपारी, बाहेर लिंबावर कावळे ओरडत असताना, आम्ही पोरं पोत्यांवर उताणी पडून आकाश बघायचो. पोत्यांचे काटे पाठीला टोचायचे. सुरुवातीला सगळी खुसुखुसु हसायची, मग हळूहळू श्वास तेवढे ऐकू यायचे. काका भिंतीला टेकून उभा राहायचा आणि तुराटीनं दाखवायचा. "हा ध्रुव. बाकीचे फिरतेत, हा हालत न्हाई. हालतो, पण तुमाला दिसंल येवढा न्हाई."

एकदा कुणीतरी विचारलं, "सर, ग्रह कुठंयत?"

"ग्रहाला भोक पाडता येत न्हाई," काका म्हणाला. "ते एका जागी थांबत न्हाईत. आन् त्यांचा उजेडबी त्यांचा न्हाई."

मग तो घरातून फुटक्या आरशाचे तुकडे घेऊन आला. छपराच्या ज्या अंगाला ऊन असायचं, तिकडच्या भोकांतून कवडसे खाली उतरायचे. कवडशात आरशाचा तुकडा धरला की उजेडाचा एक ठिपका वर पत्र्यावर उमटायचा. हात जरा हलवला की ठिपका ताऱ्यांमधून चालू लागायचा. तो ग्रह. सूर्याचा उजेड घेऊन परत फेकणारा, ताऱ्यांमधून वाट काढत जाणारा. मंगळाच्या आरशावर लाल पतंगाचा कागद चिकटवलेला होता. बुधाला चपळ हात लागायचा, शुक्राला मोठा तुकडा. मला कायम शनी मिळायचा, कारण माझा हात थरथरत नसे. शनी इतका सावकाश न्यायचा की तो चालतोय हे बघणाऱ्याला कळता कामा नये. मी श्वास रोखून तुकडा धरायची. बोटं बधिर व्हायची. वर रोहिणीच्या शेजारून माझा ठिपका सरकत राहायचा आणि मला वाटायचं, जगात हेच एक काम आहे.

कवडशांचं त्यानं आणखी एक सांगितलं होतं, ते आम्हाला आधी पटलं नाही. जमिनीवर पडलेला प्रत्येक गोल म्हणजे सूर्याचं चित्र आहे, भोकाचं नाही. "सर, भोक गोल म्हणून कवडसा गोल," असं आमच्यातला एक जण म्हणाला. काका उठला. शिडी लावून वर गेला आणि कानशीनं घासून त्यानं एक तिकोनी भोक पाडलं. आम्ही खाली वाट बघत उभे. कवडसा पडला तो गोलच. काकानं वरून, त्याच भोकाला तोंड लावून विचारलं, "काय पडलं?"

मृगाच्या पावसाआधी मात्र आकाश बुजवावं लागे, नाहीतर खोली गळायची. वैशाखाच्या उन्हात डब्यात डांबर तापायला ठेवायचं, चिंधीच्या बोळ्याला लावून एकेका ताऱ्यावर थापायचं. आवारभर डांबराचा वास सुटायचा, जिभेवर चव आल्यासारखा. मग पावसाळाभर खोलीत नुसता अंधार, पत्र्यावर पावसाचा धडधडाट. दसरा झाला की काका पुन्हा वर जायचा आणि खिळ्यानं डांबर टोकरून एकेक तारा उघडायचा. आपट्याची पानं देऊन झाल्यावर आम्हा पोरांचा दसरा तिथं खाली सुरू व्हायचा. अंधारात उभं राहून वर बघायचं. टक् टक् आवाज यायचा आणि अचानक एक ठिणगी. आम्ही ओळखायचो. "काका, व्याध."

कौसाकाकू लग्न होऊन आली ती याच दिवसांत. तिचं माहेर पुसेगावचं. नवी नवरी आवारात वावरते म्हणजे कशी, हळदीचे हात, बांगड्यांचा आवाज, डोक्यावरून पदर. तिला हे सगळं काय चाललंय ते कळत नसावं, पण ती विचारत नसे. नुसती दारात उभी राहून बघायची. त्या हिवाळ्यात काकानं सूर्यमाला गावाबाहेर नेली. सूर्य म्हणून शाळेच्या दारात काकूची पितळी घागर पालथी ठेवली. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक दाणा, तो शाळेच्या फाटकापलीकडं एका पोरीच्या तळहातावर. गुरू लिंबाएवढा, ओढ्याच्या अलीकडं. शनी घेऊन मी तुरीच्या शेताच्या बांधावर उभी, अंगावर दव, पायात गारठा. आणि सगळ्यात शेवटचा नेपच्यून, एक बोर, पार तांड्याच्या वाटेवरच्या विहिरीपाशी. तिथून बघितलं तर घागर दिसत नव्हती, ऊन पडलं की नुसती एक चमक.

"सर, मग पुढचा तारा कुठं?" परतताना पोरांनी विचारलं.

"पुढची घागर?" काका म्हणाला. "ती हिंगोलीत न्हाई. हैदराबादेत न्हाई. समुद्र वलांडून जावं लागंल."

"आन् मधी?"

"मधी काईच न्हाई."

शाळेशी पोचलो तरी मी मागं वळून तांड्याच्या वाटेकडं बघत होते. तेवढ्यात काकू डोक्यावर पदर सावरत शाळेच्या दारात आली आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर काकाशी बोलली. "सूर्याचं झालं असंल तर द्या. पाणी भरायचंय मला." काका हसला. आम्ही सगळेच हसलो. ती घागर काखेत घेऊन विहिरीकडं निघून गेली.

त्यानंतर ती खोलीत येऊ लागली. दुपारची भांडी झाली की दाराशी पोत्यावर टेकायची. तिला तिकांडं माहीत होतं, तिच्या माहेरी पहाटे त्यावरून दळणाची वेळ बघायचे. काका म्हणायचा, "तुला येतंय की मग." ती म्हणायची, "आमचं नुसतं बघायचं. तुमचं सांगायचं." मला आठवतं ते एवढंच. अंधारात तिच्या बांगड्या, आणि काकाचा आवाज, जो ती असली की थोडा खाली यायचा.

एका वर्षी दिवाळीतल्या अवसेला सूर्यग्रहण आलं. सकाळचं. आदल्या दिवसापासून गावात त्याचंच बोलणं. करंज्यांच्या डब्यांत तुळशीची पानं टाकली होती. कुणी अंघोळ केली नव्हती, उटणं वाटीत तसंच वाळत होतं. दारं लावून लोक घरात बसले होते. काकूला तेव्हा सहावा महिना होता. माझी आत्या, म्हणजे काकाची थोरली बहीण, दिवाळीला आली होती. तिनं काकूला सांगून ठेवलं होतं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर यायचं नाही, पाय लांब करून गप पडून राहायचं.

काकानं आम्हा पोरांना एकच सांगितलं होतं, वर सूर्याकडं बघायचं नाही. खोलीत या. भिंतीवर बघा.

ऊन तिरपं होतं. पूर्वेच्या उतारावरल्या भोकांतून कवडसे आत येऊन समोरच्या मातीच्या भिंतीवर पडले होते, शेकडो गोल. आम्ही बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग एका गोलाची कड कुणीतरी चावल्यासारखी दिसली, आणि बघतो तर सगळ्याच गोलांची. हळूहळू ते कापत गेले. अर्धे झाले, मग नखाएवढ्या कोरी. सगळी भिंत कोरींनी भरली, माशाच्या खवल्यांसारखी, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. बाहेर चिमण्या गप्प झाल्या होत्या. फटीतून येणारा उजेड पितळेच्या रंगाचा, गार.

दार किलकिलं झालं. काकू उभी होती.

"येऊ का?" ती म्हणाली.

काका क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ये की. इथं काय होतंय."

ती भिंतीपाशी गेली. तिनं हात पुढं केला, तर कोरी तिच्या हातावर चढल्या. पदरावर, दंडावर, पोटावर. तिनं खाली बघितलं आणि पदर दोन्ही हातांनी पसरला. "किती पडल्या बघा," ती म्हणाली. "येचता येत असत्या तर." काका तिच्याकडं बघत होता. भिंतीकडं नाही. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. मग आवारातून आत्याची हाक आली आणि काकू पदर आवरून निघून गेली. कोरी हळूहळू फुगत पुन्हा गोल झाल्या. आम्ही अंघोळीला पळालो. त्या दिवशीच्या उटण्याचा वास, ऊन पाण्याची वाफ, आणि उशिरा मिळालेल्या करंज्या. दिवाळी दिवाळीसारखी झाली.

माघात काकूला मुलगी झाली. आमच्याच घरात, आत्या आणि सुईण होत्या. मुलीचा ओठ वर नाकापर्यंत दुभंगलेला होता.

मला तिला एकदा बघायला मिळालं. लाल पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली, डोळे उघडे. तिला दूध ओढता येत नव्हतं. काकू कापसाची वात दुधात बुडवून तिच्या तोंडात सोडायची, थेंब थेंब, दूध नाकातून बाहेर यायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा बुडवायची. बाळंतिणीच्या खोलीत शेपेचा आणि धुरीचा वास. आत्या उंबऱ्यात बसून म्हणाली, "गिऱ्हाणात वाकून बघितलं. दुसरं काय." ती रागानं बोलली नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं म्हणाली. काकूनं मान वर केली नाही. वात बुडवत राहिली.

काका मुलीला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात गेला. परत आला तो संध्याकाळी. लिंबाखाली माझ्या वडलांजवळ बसला. मी जवळच बोरं खात होते.

"दादा, डॉक्टर म्हणला, लेकराचा ओठ पहिल्या तीन म्हैन्यांत जुळत असतो. न्हाई जुळला तर न्हाई जुळला. दिवाळीच्या लई आधी झालंय हे. गिऱ्हाणाचा काई संबंध न्हाई."

"मग सांग की तसं."

"कुणाला?"

काकानं एक काडी घेऊन जमिनीवर रेघा ओढल्या. "टाके घालतेत म्हणला. पर अजून वजन न्हाई तिचं. जगू द्या म्हणला आधी."

ती जगली नाही. बारसं व्हायच्या आत गेली. तो दिवस मला आठवत नाही. आठवतं ते दोरीवर वाळत घातलेलं लाल पातळ, आणि ते कुणी दिवसभर काढलं नाही हे.

मग फाल्गुनातली एक दुपार. शेतात गव्हाची काढणी चालू होती, आवारात कुणी मोठं माणूस नव्हतं. डांबराचा वास आला म्हणून मी बाहेर आले. अजून मृगाला कितीतरी अवकाश होता. काका छपरावर होता. डबा, चिंध्या, काठी. काकू घरातून आली आणि शिडीच्या खाली उभी राहिली. तिनं शिडी धरली, तो वर असला की ती नेहमी धरायची तशी.

"काय करून राहिले?" तिनं विचारलं.

"बुजवून राहिलो."

"पाऊस कुठंय?"

डांबर थापण्याचा आवाज येत होता, चपक् चपक्.

"अवो, पाऊस कुठंय म्हणते मी."

"येईल की."

तिनं वर बघितलं. मग म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या ते मी ऐकून घेतलं. गावबी म्हणंल. पर डॉक्टर काय म्हणला ते तुमाला ठाव हाय. तुमी बुजवलं तर मंग मीच केलं असं होतंय."

वरचा आवाज थांबला. मला वाटलं तो खाली उतरेल. वर आभाळ निळं, स्वच्छ, आणि त्यात काकाचं डोकं तेवढं दिसत होतं. मग पुन्हा आवाज सुरू झाला. चपक् चपक्.

काकूनं शिडी सोडली आणि ती घरात गेली.

त्या दसऱ्याला काका वर चढला नाही. पुढच्याही नाही. पोरांनी एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. शाळेत ताऱ्यांचा धडा तो पुस्तकातल्या चित्रावरून शिकवायचा, आणि चांगला शिकवायचा. मीही त्या वर्गात होते. त्यानं माझ्याकडं कधी बघितलं नाही असं नाही, बघायचा, पण तुराटी घेतलेला तो माणूस त्यात नव्हता. खोलीत आधी जळण आलं, मग कडबा, मग मोडक्या वस्तू. आम्ही मोठे झालो. मी शिकायला परभणीला गेले, पुढं नोकरी, लग्न, हिंगोली. सुट्टीत यायची तेव्हा काका ओट्याच्या एका टोकाला पेपर वाचत, काकू दुसऱ्या टोकाला काही निवडत. ते भांडायचे नाहीत. लाइट आली का, पाणी सुटलं का, गोळी घेतली का. त्यांना दुसरं मूल झालं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उन्हाळ्यात सगळे अंगणात बाजा टाकायचे. काकू कुशीवर झोपायची, काका पालथा. वर सगळं आकाश असायचं, आणि त्या आवारात त्याच्याकडं बघणारी मी एकटीच. नंतर मीही बघेनाशी झाले. कधीपासून, ते सांगता येणार नाही.

काका गेला तेव्हा मी आले होते. रडू आलं नाही. लोक आले, बसले, उठले. काकूच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, माझ्याही नसावं. एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्या घरातली माणसं दगडाची हायेत." ती वाईट बोलली असं मला वाटलं नाही.

दुपारपर्यंत सगळे पत्रे खाली आले. माणसांनी ते आवारात ओळीनं मांडले. टेम्पो यायला वेळ होता. मी त्यांच्यातून चालत गेले. उलटे, पालथे, क्रम मोडलेले. कुठल्या पत्र्यावर काय होतं ते ओळखता येईना. एका पत्र्यावर तीन गाठी एका रेषेत दिसल्या, तिकांडं असेल, किंवा नुसती पत्रा छपराला ठोकल्याची भोकं असतील. एक गाठ नखानं टोकरून बघितली. डांबर भुगा होऊन गळलं. आत भोक होतं, गंजून रुंद झालेलं. बोट घातलं तर बोट गेलं.

काकू चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन ती पत्र्यांकडं बघत उभी राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"शेवटी काही म्हणाले का काका?" मी विचारलं. हे मी वर्षभर विचारलं नव्हतं.

"म्हणले, पत्रे विकून टाक."

"एवढंच?"

"येवढंच." तिनं पदरानं हात पुसले. "तुला सांगू का माय, त्यांनी मला एकदाबी म्हणलं न्हाई, तुझ्यामुळं झालं म्हणून. म्हणलं असतं तर मी भांडले असते. माहेरी गेले असते, परत आले असते. काहीतरी झालं असतं. ते बोललेच न्हाईत. आन् मला वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. असं करता करता म्हातारे झालो आमी."

मी चहा पीत राहिले. साखर जास्त झाली होती.

"त्यांलाबी दुखलंच की," ती म्हणाली. "पर ते त्यांचं त्यांनी ठिवलं, माझं मी ठिवलं."

टेम्पो आला. पत्रे एकावर एक चढले, दोरी आवळली, धूळ उडवत टेम्पो निघून गेला. आम्ही घराला कुलूप लावलं. काकूनं किल्ली शेजारी दिली. वळून बघितलं नाही, मीही नाही. लिंबाखालून गाडीवाटेला लागलो. तिचं बोचकं हलकं होतं, मी मागितलं तर दिलं नाही.

गोरेगावला सेनगावची जीप भरायची होती, तिथून पुढं हिंगोली. आम्हाला मधल्या सीटवर जागा मिळाली. काकूच्या शेजारी एक बाई येऊन बसली, साधारण तिच्याच वयाची, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. जीप भरेपर्यंत बोलायला काही हवं असतं. कुठल्या, कुठं निघाल्या, ही कोण. काकू सांगत होती. मी खिडकीतून बघत होते, बाहेर एक माणूस पंक्चर काढत होता.

"आन् तुमाला लेकरं किती?" बाईनं विचारलं.

हा प्रश्न काकूला माझ्यादेखत किती बायकांनी विचारला असेल. लग्नात, दवाखान्यात, जीपमध्ये. ती दर वेळी म्हणायची, न्हाई बाई, आणि विषय बदलायची. मी तयारीत होते, काहीतरी मध्ये बोलावं म्हणून.

"एक पोरगी," काकू म्हणाली.

मी वळून बघितलं. ती समोर बघत होती, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडं.

"कुठं दिली?"

"न्हाई दिली. लहानपणीच गेली. चार दिसाचंच होतं लेकरू."

"अगं माय," बाई म्हणाली. तिनं मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली. "नाव काय हो?"

मला वाटलं, बारसं झालंच नव्हतं. नाव नव्हतं. घरात तिचा उल्लेख कुणी केलाच तर ते लेकरू, एवढाच व्हायचा.

"सुमन," काकू म्हणाली.

बाईनं मान हलवली, जशी ओळखीच्या पोरीचं नाव ऐकून हलवतात.

"वठ फाटका होता तिचा," काकू पुढं म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "दूध वढता येत नव्हतं. पर लई गोरी होती, आन् केस येवढे. माझ्याकडं बघायची. डोळे मिटायचीच न्हाई. लई देखणी होती बघा."

"असंल की," बाई म्हणाली.

ड्रायव्हर येऊन बसला. जीप सुरू झाली.